वर कोण?

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूला एकच प्रश्न सतरा वेळा विचारला. सतरा हा आकडा माझ्या पदरचा नाही. गुरू स्वतःच वैतागून मोजत होते.

हे गुरू म्हणजे कोणी मठातले स्वामी नव्हेत. दुष्काळी मुलखात हयातभर विहिरी खोदणारे आणि जुन्या विहिरींचा गाळ काढणारे सिद्रामतात्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, आणि स्वभाव असा की सरळ उत्तर देण्यापेक्षा समोरच्याला दोन तास उन्हात उभे करतील. परंतु एक गोष्ट त्यांच्या वैऱ्यानेही कबूल करावी अशी होती. पन्नास वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही माणूस विहिरीत दगावला नाही.

याला कारण त्यांच्या टोळीचा एक नियम. विहिरीत उतरताना माणूस झाडाला बांधलेल्या दोराला धरून आपला आपणच उतरतो. वर येताना मात्र शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नाही, वरच्याने ओढावेच लागते. म्हणून उतरणाऱ्याने कठड्यावर पाय ठेवण्यापूर्वी मोठ्याने विचारायचे, “वर कोण?” आणि जो दोरावर थांबणार त्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःचे नाव सांगायचे. एकाने दुसऱ्याचे नाव सांगितलेले चालत नसे. नाव ऐकल्याखेरीज पाय आत टाकायचा नाही, मग शेतमालक कितीही घाई करो.

शिष्याचे नाव बिरुदेव. पंचविशीतच कामात तयार झालेला, खडकाला नुसता हात लावून पाणी कोणत्या अंगाला आहे ते सांगणारा. पण गावोगावी यंत्रे आली, हाताने खोदायच्या विहिरी कमी झाल्या आणि बिरुदेवाच्या वाट्याला महिन्यातले चार दिवस काम उरले. अशा वेळी तालुक्याहून एक एजंट आला. परदेशात एका ठिकाणी लढाई चालू आहे, तिथल्या छावणीला विहिरी आणि खंदक हवे आहेत, दोन वर्षांचा करार, पगार भरपूर. लढाई? ती तिकडे, लांब, डोंगरापलीकडे. करार महिनाअखेरपर्यंत सही करून द्यायचा.

आणि तेव्हापासून बिरुदेवाने तात्यांचे डोके खायला सुरुवात केली.

“तात्या, जाऊ का नको?”

सकाळी भाकरीच्या वेळी जाऊ का, दुपारी पारावर जाऊ का. तात्यांनी एकदा म्हटले, “जा.” तर हा म्हणतो, “पण तात्या, बाँब पडत्यात म्हंत्यात.” दुसऱ्यांदा म्हटले, “नगं जाऊ.” तर हा म्हणतो, “मग हितं काय खाऊ?” तिसऱ्यांदा तात्यांनी तोंडात तंबाखू धरली आणि बोलणेच टाळले, तर हा त्यांची तंबाखू संपेपर्यंत समोर बसून राहिला.

मला या जातीची माणसे ठाऊक आहेत. तीस वर्षे शाळेत शिकवले, पंधरा वर्षे हा स्तंभ लिहितो आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी अशीच असतात. सल्ला मागतात, आणि जी गोष्ट सांगितल्यावर सल्ला देता येईल नेमकी तीच लपवून ठेवतात. वाचून कधीकधी पत्र परत पाठवावेसे वाटते.

बिरुदेवानेही एक गोष्ट लपवली होती. ती तात्यांना कळली ती त्याच्या बायकोकडून. एके दिवशी कस्तुरा तात्यांच्या दारात आली, हातात पेढ्यांचा पुडा. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“तात्या, तोंड गोड करा. ह्यास्नी परदेशी काम लागलं. समुद्राकाठी मोठं हाटेल बांधत्यात म्हणं, त्याच्या पाण्याच्या टाक्या करायच्या. लई शांत मुलूख हाय म्हंत्यात. मी तर टीव्हीवर बगितला बी.”

तात्यांनी पेढा हातात घेतला. खाल्ला नाही. “कोन म्हणालं शांत मुलूख?” त्यांनी विचारले.

“हेच म्हणाले की.”

कस्तुरा गेल्यावर तात्या बराच वेळ तो पेढा तळहातावर धरून बसून होते. मग त्यांनी दस्तगीरला बोलावणे धाडले. दस्तगीर हा त्यांच्या टोळीतला दोरावरचा माणूस. थोराड, कमी बोलणारा आणि सांगितलेल्या जागेवरून न हलणारा. तात्यांनी त्याच्या कानात काही सांगितले. त्याला ते फारसे कळले नसावे, पण तात्यांना फिरून विचारायची त्याची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका शेतातल्या जुन्या विहिरीचा गाळ काढायचे काम होते. त्या शेतात विहिरी दोन. एक जुनी, कडुनिंबाखालची. दुसरी नवी, उसाच्या फडापलीकडे, तिथून हाक ऐकू येणार नाही इतकी दूर. बिरुदेव जुन्या विहिरीपाशी पोचला तेव्हा तात्या एकटेच कठड्यावर बसले होते.

“तात्या, मी म्हंतो, गेलं तर काय हुईल?” हा त्याचा सतरावा प्रश्न.

“आदी उतर. गाळ काढ. मग सांगतो.”

बिरुदेवाने दोर ओढून पाहिला आणि सवयीने विचारले, “वर कोण?”

“दस्तगीर,” तात्या म्हणाले.

बिरुदेवाने इकडेतिकडे पाहिले. दस्तगीर दिसत नव्हता. एरवी हा पोरगा तिथेच थांबला असता, कारण हा नियम त्याने दहा जणांना शिकवला होता. पण त्याचे डोके करारात अडकले होते, आणि नाव सांगणारे खुद्द तात्या होते. त्याने मान हलवली आणि तो उतरला.

तळाशी घोट्यापर्यंत चिखल होता. त्याने पहिले टोपले भरले, दोर तीनदा हलवला. वरून कोणी ओढला नाही. पुन्हा हलवला. हाक मारली, “दस्तगीरभाई!” विहिरीने त्याचीच हाक त्याला परत दिली. थोड्या वेळाने गाळाखालचा पाझर मोकळा झाला आणि पाणी घोट्यावरून पिंढरीवर आले. बिरुदेव ओरडला. तात्यांच्या नावाने ओरडला. मग ज्याच्या त्याच्या नावाने ओरडला. भिंतीला धरून चढू पाहिले, दोनदा घसरला, कोपर सोलून निघाले. पाणी गुडघ्याला लागले तेव्हा त्याच्या ओरडण्यात शिव्या उरल्या नव्हत्या, नुसती भीती होती. आणि वर, कठड्यापासून चार हातांवर, तात्या निंबाच्या सावलीत बसून हे सगळे ऐकत होते. त्यांना बरे वाटत असेल असे समजू नका. त्यांच्या हातातल्या काडीचे त्यांनी बारीक बारीक तुकडे केले होते.

तासाभराने तात्या उठले, फडापलीकडे गेले आणि दस्तगीरला घेऊन आले. दस्तगीरने खाली पाहिले, दोर खांद्यावर घेतला आणि बिरुदेवाला वर ओढले.

बिरुदेव काठावर आला. “कुटं मेला व्हतास?” तो दस्तगीरवर धावला.

“हिरीवरच व्हतो की,” दस्तगीर म्हणाला. तोही तापलेला होता. “त्या नव्या हिरीवर. तात्यांनी सांगितलं, बिरुदेव ह्या हिरीत उतरलेला असंल, दोर सोडू नगंस. मी तासभर उन्हात दोर धरून हुबा. पानी प्यायला सुदिक हाललो न्हाई. हात बग माजे.”

त्याने तळहात पुढे केले. दोराचा वळ उमटला होता.

“अरं पण हाक तरी ऐकायचीस!”

“हाक आलीच न्हाई. मी म्हटलं, हाक न्हाई म्हंजे काम नीट चाललंय.”

बिरुदेव तात्यांकडे वळला. त्याचा आवाज फाटला होता. “तात्या, तुमी असं का केलं? मी मेलो असतो तर? दोर धरनाऱ्याला मी कुटल्या हिरीत हाय ते तरी खरं सांगायचं!”

 तात्यांनी बंडीच्या खिशातून कागदात गुंडाळलेला कालचा पेढा काढला आणि बिरुदेवाच्या चिखलाच्या हातावर ठेवला.

“काल कस्तुरा देऊन गेली,” ते म्हणाले. “समुद्राकाठच्या हाटेलाचा.”

बिरुदेव पेढ्याकडे बघत राहिला.

“लेका, सतरा येळा मला इचारलंस, जाऊ का नको. मी काय ज्योतिषी हाय? लढाईत माणूस मरतो बी, जगतो बी. मी सत्तर हिरींत असा उतरलो की वर येतो का न्हाई ठावं नव्हतं. तरी उतरलो. पर वर माणूस हुबा असायचा, आन् त्याला म्हाईत असायचं मी कुटं हाय. तू बायकोला दुसऱ्याच हिरीवर हुबं केलंस. ती बिचारी दोर सोडनार न्हाई, हाताला वळ पडंस्तोवर धरंल. पर रिकाम्या हिरीत. आन् त्या एजंटाला तू इचारलं असशील, वर कोण? त्यो म्हणाला असंल, कंपनी. तू मान हालवली असशील, जशी आज माज्यापुढं हालवलीस. जायाचं का न्हाई ते तू ठरव. पर ज्याला ओढायचं हाय त्याच्या तोंडून नाव ऐक, आन् त्याला हीर खरी सांग. आता जा, आन् माजं डोकं खाऊ नगंस.”

बिरुदेव घरी गेला. कोपर धुवायच्या आधी त्याने कस्तुराला सगळे सांगितले, त्या देशाच्या नावासकट. ती चुलीपुढे बसली होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही. बराच वेळ तिने भाकरी उलटली नाही, ती करपली.

“म्हंजे,” ती शेवटी म्हणाली, “टीव्हीवर तिकडं बाँब पडलेला दिसला असता, तर मी म्हणाले असते, बरं झालं, आपला माणूस तिथं न्हाई.”

बिरुदेवाने करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. 

“फोन लावा त्या माणसाला,” कस्तुरा म्हणाली. “मला बोलायचंय.”

एजंट फोनवर अगदी गोड होता. कस्तुराने विचारले, “तिकडं काय बरंवाईट झालं, तर ह्यास्नी परत आननार कोण? माणसाचं नाव सांगा.”

“वहिनी, एवढी मोठी कंपनी आहे.”

“कंपनीला हात असत्यात का? नाव सांगा. न्हाईतर तुमचं सांगा.”

“माझं? माझं काम फक्त इथून पाठवायचं.” तो हसला. “तुम्ही उगाच घाबरताय. आजवर आम्ही किती माणसं पाठवली. तिकडून एकाचीही तक्रार आलेली नाही.”

फोन मोठ्या आवाजावर होता, बिरुदेवाने प्रत्येक शब्द ऐकला. पिंढरीवरचा चिखल अजून पुरता वाळला नव्हता. तळातून मारलेली हाक वर ऐकू गेली नाही की वरच्यांना कसे शांत वाटते, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. त्याने कस्तुराच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, “मी येत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. तात्यांनी काही विचारले नाही. एरवी दोरावर थांबणारा दस्तगीर आज नव्या विहिरीत उतरणार होता; त्याने कठड्यावर उभे राहून विचारले, “वर कोण?”

“वर बिरुदेव,” बिरुदेव म्हणाला, आणि दस्तगीरला दिसेल असा पुढे येऊन उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत अठरावा प्रश्न आला नाही, हे मात्र तात्यांनी आवर्जून नोंदवले आहे. मला पत्र लिहिणाऱ्यांनी यातून एवढेच घ्यावे: जावे की न जावे हे मला पुढच्या खेपेस विचारण्यापूर्वी, घरी काय सांगितले आहे ते आधी लिहावे.