मेलांथी नगरी कुणी पाडली?

“मग उद्या मीच बोलायचं ना, बाबा?”

आन्थिमोस बाबा पडक्या नाट्यगृहाच्या पायरीवर टेकले.

ग्रीसच्या किनाऱ्यावर, डोंगराच्या उतारावर मेलांथी नावाची पुरातन नगरी मोडून पडली होती. दर वर्षी ईस्टर झाला, की खालच्या गावातले लोक तिच्या दगडी नाट्यगृहात जमत आणि एकजण उभा राहून नगरीची कहाणी सांगे. आजवर हा मान मठातल्या या म्हाताऱ्या साधूचा होता. यंदा त्यांचा आवाज पार बसला होता, आणि त्यांचा शिष्य स्ट्रातिस त्या मानासाठी नुसता आसुसला होता.

“म्हणून दाखव.”

झालं! गड्याला तेवढंच हवं होतं. त्याने छाती पुढे काढली आणि असा काही सूर लावला, की खाली चरणाऱ्या शेळ्यांनीसुद्धा माना वर केल्या.

“पर्शियन आले, त्यांनी वेस जाळली! रोमन आले, त्यांनी देवांच्या मूर्ती गलबतांत घालून नेल्या! चाचे आले, त्यांनी धान्याची कोठारं पेटवली! पण आम्ही हटलो नाही. आम्ही इथेच आहोत, त्याच मेलांथीचं रक्त!”

अंगावर काटा आला. त्याच्या स्वतःच्याच.

“झकास,” बाबा म्हणाले. “चाचे गेले. मग?”

“मग काय? संपली गोष्ट.”

“त्याला हजार वर्षं झाली. तेव्हापासून इथे कोण होतं?”

“आम्हीच की!”

बाबांनी मागच्या खचलेल्या भिंतीकडे बोट केलं. “हिच्यामागचा पाण्याचा चर बुजला, म्हणून ही बसली. चर कुणी बुजवला?”

“कुणीच नाही. कुणी उपसला नाही, एवढंच...”

“आणि वरच्या संगमरवरी बाकांच्या ओळी? त्या कुठल्या शत्रूने नेल्या?”

स्ट्रातिस वैतागला. म्हातारं कुठे घेऊन चाललंय, काही कळेना. “नेल्या असतील कुणीतरी.”

“बरं, राहू दे. ईस्टरला घर रंगवलंत?”

आता कशी कळी खुलली! ईस्टरच्या आधी गावातलं घर न् घर चुन्याने पांढरं व्हायचं, आणि चुना जायचा तो स्ट्रातिसच्या घरचा.

“रंगवलं म्हणजे काय! आजोबांनी खड्ड्यात मुरवून ठेवलेला चुना, बाबा. ते गेले, तरी अजून पुरतोय. असा पांढराशुभ्र चुना दहा गावांत मिळायचा नाही. बाकीचे डोंगरातला कसलाही दगड भाजतात. आमचे आजोबा संगमरवराशिवाय भट्टी पेटवतच नसत! अख्खी बाकंच्या बाकं...”

त्याची नजर वरच्या रिकाम्या ओळींकडे गेली.



स्ट्रातिसच्या बाहीला घरच्या भिंतीचा चुना लागला होता. बाबांनी त्यावर बोट घासलं. मग हळूहळू वर चढून गेले आणि जिथे बाक नव्हतं, त्या उघड्या खडकावर त्यांनी एक पांढरी रेघ ओढली.

“एक सापडलं,” ते म्हणाले.

स्ट्रातिसला रडू कोसळलं. लहानपणी आजोबांनीच त्याला खांद्यावर बसवून ही नगरी दाखवली होती. ‘हे सगळं आपलं आहे बरं का,’ म्हणाले होते. तो अभिमान त्यांनीच दिला होता. आता त्यांचा राग धरावा, की त्यांच्यासाठी रडावं?

“उद्या मी नाही उभा राहत,” तो कसाबसा म्हणाला. “कोणत्या तोंडाने सांगू?”

“तूच सांगायचंस. पर्शियन, रोमन, चाचे... आणि मग आजोबांचं नाव.”

“अख्ख्या गावासमोर? बाबा... आजोबांचं?”

“हो. आणि तिथे आवाज खाली आणू नकोस.”