भालूमामा आणि चेन आजींचा गुडघा

हे कुणाशी बोलायचं नाही, असं आईने मला बजावलंय. म्हणून मी बोलत नाही, नुसतं लिहिते.

एका गावात एक भोळा मामा होता. कुणाचा, ते विचारू नका. नाव भालचंद्र. त्याला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेवढंच करायचा.

त्याला शहरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात नोकरी लागली. दवाखान्यामागच्या गल्लीत काही चिनी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत होती. तरुण मंडळी फाडफाड मराठी बोलायची, म्हातारी माणसं मात्र चिनीच. त्यातल्या चेन आजींचा गुडघा नुकताच बदलला होता. अशा पेशंटना कितपत हिंडता-फिरता येतं, ते विचारायचे प्रश्न दवाखान्यात होते. पण ते आपल्या आजी-आजोबांच्या हिशेबाने केलेले. चिनी आजी-आजोबांना लागू पडतील असे ते बदलायचे होते. हे काम व्यायाम शिकवणाऱ्या अष्टपुत्रे मॅडमकडे आलं. त्यांनी मामाला चेन आजींकडे धाडलं.

"प्रश्न विचारा, उत्तर लिहा. सोपं आहे."

"बरं," मामा म्हणाला.

आजी धास्तावल्या होत्या. उत्तरं वाईट आली तर परत दवाखान्यात नेणार, आणि चिनी नववर्षाचं जेवण तर तोंडावर आलेलं. त्या दिवशीचा मासा दरवर्षी आजीच करायच्या.

मामाने विचारलं, "पाटावर मांडी घालून जेवता येतं का?"

आजींच्या सूनबाई मेईकाकूंनी ते चिनीत सांगितलं. आजी बुचकळ्यात पडल्या.

"आमच्याकडे पाट नाही हो," मेईकाकू म्हणाल्या. "आम्ही टेबलावर जेवतो."

मामाने लिहिलं : जेवता येत नाही.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो भालचंद्र, जे त्यांच्या घरात नाही ते विचारायचं कशाला? आधी घर बघा, मग विचारा."

"बरं."

मामाने घर बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट उघडून बघितलं. परत आल्यावर मॅडमनी विचारलं, "जिन्याचं काय लिहिलंत?"

"तो प्रश्न खोडला. त्यांच्या घरात जिना नाही."

"मग तुम्ही वर गेलात कसे?"

"जिन्याने. तो घराबाहेर आहे."

मॅडम पाणी प्यायल्या. "घराबाहेरचंही विचारायचं. आणि विचारून आजींना कळत नसेल, तर करून दाखवायचं."

"बरं."

पुढचा प्रश्न होता, पडल्यावर एकट्याने उठता येतं का? मामा आजींसमोर धाडकन पडला. उठला मात्र नाही, कारण उठायचं आजींनी होतं. आजी किंचाळल्या. शेजारी धावले. कुणी कांदा हुंगवला, कुणी तळपाय चोळले. मामा पडल्या पडल्या उत्तराची वाट बघत होता.

"आता तुम्ही काहीच करू नका," मॅडम म्हणाल्या. "हात लावायचा नाही, बोलायचं नाही. आजी काय करतात ते लांबून बघायचं आणि लिहायचं."

"बरं."

नववर्षाची सकाळ उजाडली. आजींनी भला मोठा मासा धुऊन ठेवला होता. मामा दाराशी उभा राहून बघत होता. खिडकीतून मांजर आलं. मामा बघत होता. मांजराने मासा उचलला आणि मामाच्या दोन्ही पायांमधून बाहेर नेला. मामा बघत होता.

आजी मात्र झारा घेऊन धावल्या. जिना उतरून, गल्ली ओलांडून, शिंप्याच्या मशीनखालून मासा सोडवून आणला. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. मेईकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता सासूबाईंना कोण परत नेतंय बघते."

मामा लिहीत होता. काठी घेऊन चालता येतं का? नाही. हातात झारा होता. सावकाश जिना उतरता येतो का? नाही. सावकाश कुठे, त्या तर धडाधड उतरल्या होत्या.

त्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. कागद गेला मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी सगळे 'नाही' वाचले आणि मामाबरोबर दोन वॉर्डबॉय धाडले. "पेशंटला घेऊन या. स्ट्रेचर रिकामं परत आणायचं नाही."

"बरं."

आजी मासा तळत होत्या. त्यांनी स्ट्रेचर बघितलं आणि झारा उचलला. वॉर्डबॉय जिन्याखाली पळाले. मामा विचारात पडला. पेशंट येत नाही, आणि स्ट्रेचर तर रिकामं न्यायचं नाही. मग तोच खाली जाऊन स्ट्रेचरवर आडवा झाला. वॉर्डबॉयनी पट्टे आवळले.

मोठे डॉक्टर कागदातून मान वर काढत नसत.

"उठता येतं का?"

मामाने पट्ट्यांकडे बघितलं. "नाही."

"चालता?"

"नाही."

"कोणता गुडघा?"

"दोन्ही माझेच आहेत."

डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांवर निळ्या पेनाने खुणा केल्या. "उद्या ऑपरेशन. तोवर काही खायचं नाही."

"बरं," मामा म्हणाला.

तेवढ्यात चेन आजी आल्या. दवाखान्याचा जिना चढून, काठी न घेता, मामासाठी माशाचा डबा घेऊन. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. ते कधी आजींच्या पायांकडे बघत, कधी मामाच्या. आजींनी डबा उघडून मामापुढे धरला. मामाने तोंड घट्ट मिटलं. तोवर फोन गेल्यामुळे अष्टपुत्रे मॅडम धापा टाकत आल्या. त्यांनी मामाकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या की, हा माणूस म्हणजे आपला

आले गं आई. मामाला म्हणावं, मी कुणाशी काही बोलत नव्हते, मी नुसतं