तोफेतली घंटा

एका राज्यात, ज्याच्या चारही अंगांना समुद्र होता आणि ज्याचे कडे खडूसारखे पांढरे होते, मृगावती नावाची राणी राज्य करीत होती. तिने लग्न केले नव्हते. लग्नाचा विषय निघाला की ती बोटातली अंगठी दाखवी आणि म्हणे, माझे लग्न या राज्याशी झाले आहे, आणि सासर फार मोठे आहे. तिच्या गळ्याभोवती खळ घातलेल्या झालरीचे एवढे रुंद कडे असे, की जेवताना तिला लांब दांड्याचा चमचा लागे. राणी हट्टी होती, चिक्कू होती, एका प्रश्नाचे एक उत्तर तिने कधी दिले नाही. तरी प्रजा तिच्यावर जीव टाकी. माणूस आवडले की त्याचे सगळेच गोड लागते, त्याला कोण काय करणार?

त्या राज्यात प्रार्थना दोन होत्या. जुनी प्रार्थना जुन्या भाषेत होती, ती म्हणणाऱ्यांनाही पुरती कळत नसे. नवी प्रार्थना घरच्या भाषेत होती, ती सगळ्यांना कळे, म्हणून तिच्यावरून भांडणेही जास्त होत. राणीच्या बापाने नवी प्रार्थना सक्तीची केली होती. तेव्हापासून जुनी म्हणणारे लपून म्हणत, कोणी माळ्यावर, कोणी भिंतीच्या पोकळीत. देव दोन्ही ऐके आणि गप्प बसे.

राणीचा दर्यासारंग, म्हणजे आरमाराचा प्रमुख, तरंगसेन. दक्षिणेच्या सम्राटाची सोन्याने भरलेली जहाजे लुटणे हा त्याचा उद्योग. लुटीतला वाटा राणी हसतमुखाने घेई, आणि सम्राटाचा वकील तक्रार घेऊन आला की भुवया उंचावून विचारी, कोण तरंगसेन? तरंगसेन नव्या प्रार्थनेचा, आणि त्याची बायको केतकी जुन्या. ती माळ्यावर प्रार्थनेला बसली की हा खाली जिन्यावर दोर सांधत बसे आणि वाटेवर कोणी दिसले तर खोकला काढी. या गोष्टीवर ती दोघे कधी एक शब्द बोलली नाहीत. संसार उत्तम चालला होता.

एका स्वारीत तरंगसेनाने सम्राटाच्या एका लहानशा बेटावरच्या देवळातून काशाची घंटा उचलली. तिथल्या म्हाताऱ्या पुजारणीने त्याला बजावले, "हिचा नाद गिळाल, तर तुमचाही नाद गिळला जाईल." तरंगसेन हसला. लुटारूला शाप रोजच मिळतात, त्याने सगळे मनावर घेतले तर जहाज बंदरातून हलायचे नाही.

पुढे सम्राटाने चिडून मोठे आरमार धाडले. तोफांना धातू पुरेना, तेव्हा प्रधान वज्रमुखाने ती घंटा वितळवून तोफ ओतवली. घंटेच्या पोटातला लोलक लोखंडी होता, तो तेवढा काशात मिसळेना, म्हणून बाजूला फेकून दिला. तोफ कड्यावर चढवली. तिचा पहिला बार उडताच वारा फिरला, आणि सम्राटाची जहाजे फुटून वाऱ्यावर गेली. राज्यात आनंदीआनंद झाला. तरंगसेन धावत घरी गेला आणि केतकीला सगळी लढाई सांगू लागला. केतकीला त्याचे ओठ हललेले दिसले, शब्द एकही ऐकू आला नाही. ती काही बोलली. तेही त्याला ऐकू गेले नाही.

त्या बारापासून जुन्या प्रार्थनेच्या माणसांचे नव्यांना आणि नव्यांचे जुन्यांना ऐकू येईनासे झाले. पहिले काही दिवस लोक खूश होते, हे मात्र खरे. बाजारातले तंटे थांबले. सुना सासवांना काय वाटेल ते बोलून घेऊ लागल्या. पण मग सुईण "कळ दे" म्हणाली ते बाळंतिणीने ऐकले नाही. टेहळ्याने "खडक" म्हटले ते सुकाणू धरणाऱ्याने ऐकले नाही. तेव्हा राज्याचे डोळे उघडले.

आणि वज्रमुखाच्या ध्यानात भलतेच आले. तो नव्या प्रार्थनेचा होता. त्याची हाक ज्याला ऐकू जात नाही, तो जुन्याचा. सम्राट पुन्हा आला तर हे लपलेले लोक त्याला दार उघडतील, या धास्तीने त्याला अन्न गोड लागत नव्हते. त्याने फर्मान काढले की राज्यारोहणाच्या सणाला प्रत्येकाने वेशीतून जावे. नव्या प्रार्थनेचा भालदार आडून नाव पुकारील. तीन हाकांना ओ न देणाऱ्याला जहाजात घालून कायमचे देशाबाहेर सोडले जाईल.

ते ऐकून तरंगसेन भ्याला. सम्राटाच्या तोफांना तो कधी भ्याला नव्हता.

घरात एक पोपट होता, शुकराज नावाचा, नव्या खंडातून आणलेला. त्याची प्रार्थना एकच, हिरव्या मिरचीची; त्यामुळे त्याला सगळ्यांचे ऐकू येई आणि त्याचेही सगळ्यांना. नवराबायकोचे निरोप तोच पोहोचवी, पण त्यात पदरचे घाली. केतकी म्हणे, जळण संपले. शुकराज सांगे, "हे प्राणनाथा, तुजवाचून ही चूल विझली आहे." तरंगसेन लाजे आणि जळण तसेच राही.

शेवटी तरंगसेन मेघभट जादूगाराकडे गेला. मेघभटाकडे काळ्या दगडाचा आरसा होता, त्यात उद्याचे दिसे आणि कधीकधी कालचेही. त्याने आरसा पुसला व म्हणाला, "तोफेची पुन्हा घंटा कर. साचा तिच्याच बेटावरच्या मातीचा हवा. पोटात तिचाच लोलक हवा. आणि जुन्या प्रार्थनेच्या व नव्या प्रार्थनेच्या माणसाने मिळून एका ओढीत ती वाजवली पाहिजे. मध्ये तिसरा बोलता कामा नये."

"तिसरा म्हणजे मी," शुकराज म्हणाला आणि रुसून बसला.

तरंगसेन राणीपुढे उभा राहिला. राणीला दोन्हीकडचे ऐकू येत होते. ते कसे, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. तिने सगळे ऐकून घेतले, हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग म्हणाली, "तोफ चोरीला गेली तर मला फार वाईट वाटेल. तू बेटावरून परतलास की पहारेकऱ्यांना मी नाटकाला धाडणार आहे. बिचारे फार दिवस उभे आहेत. पकडला गेलास तर मी तुला ओळखत नाही." तरंगसेनाने मुजरा केला. याहून स्पष्ट बोलणे त्या राणीकडून कोणी ऐकले नव्हते.

मग जहाज निघाले. अर्धे खलाशी जुने, अर्धे नवे, आणि मधे निरोप्या शुकराज. पण त्याला थोडक्यात बोलणे कुठले जमायला? "हे नरश्रेष्ठा, उजव्या हातास विशाल आणि रमणीय असा एक" एवढे म्हणेपर्यंत रमणीय खडकाने जहाजाची एक फळी नेली. तरंगसेनाने मिरची बंद करीन असे सांगितले. त्यानंतर तो नुसता "खडक" म्हणू लागला, आणि जहाज सुखरूप बेटाला लागले.

पुजारीण देवळाच्या पायरीवरच बसली होती. घंटेच्या जागी रिकामी कडी लोंबत होती.

"घंटा नेलीस," ती म्हणाली, "आता माती मागतोस."

तरंगसेनाने तलवार जमिनीवर ठेवली आणि डोके तिच्या पायावर ठेवले. म्हणाला, "चुकलो, आई. माझ्या बायकोचे मला ऐकू येत नाही. सणाला तिला माझ्यापासून दूर नेतील. एकदा घंटा वाजू दे, मग ती मी स्वतः इथे आणून टांगतो."

म्हातारीने विहिरीकाठची चिकणमाती स्वतःच्या हाताने टोपलीत भरली. "घंटा तिथेच राहू दे," ती म्हणाली. "तुम्हा लोकांना तिची गरज जास्त दिसते. आवाज नीट निघाला तर मला इथे ऐकू येईल."

पहिले काम झाले. दुसरे लोलकाचे. शोध घेता कळले, तो नदीपलीकडच्या नाटकशाळेत आहे. तिथे छपराखालच्या फळ्यांवरून तो लोळवीत, की खाली मेघांचा गडगडाट होई. सूत्रधार काही केल्या तो देईना. त्याचे म्हणणे असे, की आजच्या नाटकात वादळ आहे, राजकन्येचे काम करणाऱ्या नटाला मिशी फुटली आहे, निदान वादळ तरी खरे वाटले पाहिजे. शेवटी तरंगसेन म्हणाला, वादळ मी करतो. त्याने लोलक आपल्या खलाशांकडे दिला, आणि ते तोफेकडे पळाले. तोफेचे पहारेकरी पुढच्या बाकांवर बसून शेंगदाणे खात होते.

तरंगसेन माळ्यावर चढला आणि त्याने आयुष्यात पाहिलेली सगळी वादळे घशातून काढली. नव्या प्रार्थनेचे प्रेक्षक बाकांखाली शिरले. जुन्यांना काहीच ऐकू आले नव्हते, पण शेजारी खाली गेलेला पाहताच तेही शहाण्यासारखे खाली शिरले. वज्रमुखाचे हेर आवाजाला कोण दचकत नाही ते पाहत होते, त्यांची पंचाईत झाली. वादळ थांबले तेव्हा तोफ ओताऱ्याच्या भट्टीत होती.

ओताऱ्याने बेटाच्या मातीचा साचा केला, त्यात कासे ओतले. घंटा होती तशी झाली. राणीने हुकूम सोडला की सणासाठी वेशीवरच्या बुरुजात एक घंटा टांगावी, आणि ती कुठून आली हे तिला ठाऊक नाही.

सणाचा दिवस उजाडला. वेशीत ही गर्दी. वज्रमुख मखमली चांदव्याखाली बसला होता, भालदार आडून नावे पुकारीत होता. कोणी ओ देत होते, कोणी पुढे बघत चालले होते, आणि त्यांना शिपाई बाजूला काढीत होते. एक म्हातारा विणकर नातवाचे बोट धरून चालला होता. त्याला काढले तेव्हा नातवाने बोट सोडले नाही. वर बुरुजात तरंगसेन व केतकी घंटेचा दोर धरून उभी होती. शुकराज चोचीत मिरची धरून खिडकीत बसला होता. तोंड बंद ठेवायला त्याला दुसरा उपाय सापडला नव्हता.

खाली भालदाराने पुकारले, "केतकी, दर्यासारंगाची पत्नी." ते तरंगसेनाला ऐकू आले, केतकीला आले नाही. तरंगसेनाने जहाजावर शीड ओढताना देतात तशी आरोळी ठोकली आणि दोर ओढला. केतकीने मागाहून ओढला. दोर तिरपा झाला, घंटा हलली, वाजली नाही.

भालदाराने दुसऱ्यांदा पुकारले. तरंगसेनाने आणखी मोठ्याने आरोळी दिली, मानेच्या शिरा फुगल्या. केतकी तिच्या बाजूने मनात काही म्हणून ओढत होती. त्याचा जोर खाली आला तेव्हा तिचे हात वर होते. घंटा मुकी राहिली.

तरंगसेनाने जन्मभर हुकूम दिले होते, आणि जन्मभर लोक त्या हुकमावर हलले होते. आता तो ज्या माणसावर ओरडत होता, त्याला त्याचे ओरडणे ऐकूच येत नव्हते, आणि हे त्याला दोन हाका फुकट गेल्यावर सुचले. त्याने तोंड मिटले. केतकीच्या मागे जाऊन उभा राहिला. दोरावरच्या तिच्या मुठींखाली आपल्या मुठी लावल्या आणि काहीच केले नाही. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. मग तिने श्वास घेतला. त्याच्या छातीला तो लागला. तिच्या मुठी खाली सरकू लागल्या, तशा त्याच्याही सरकल्या. तो तिच्यापुढे गेला नाही, मागे राहिला नाही.

घंटा वाजली.

नाद बुरुजातून निघाला, वेशीवरून गेला, नदीवरून गेला, पांढऱ्या कड्यांवरून समुद्रात उतरला. भालदार तिसऱ्यांदा म्हणाला, "केतकी, दर्यासारंगाची पत्नी."

केतकीने खिडकीतून डोके बाहेर काढले. "आले हो," ती म्हणाली. "किती ओरडता."

भालदाराने ते ऐकले. वज्रमुखाने ऐकले. विणकराने नातवाचे रडणे ऐकले आणि त्याला उचलून घेतले. बाजूला काढलेली सगळी माणसे एकदम बोलू लागली, आणि नवे त्यांना उत्तरे देऊ लागले. सहा महिन्यांचे तुंबलेले बोलणे ते. सुनांचे बोलणे सासवांना कळले. प्रार्थना कोणती खरी यावर वेशीतच दोन तंटे उभे राहिले. राज्य पूर्वपदावर आले.

राणी गोंगाट ऐकत बसली होती. तिचा चेहरा इतका प्रसन्न कोणी पाहिला नव्हता. तिने विचारले, "वज्रमुखा, यांच्यात जुने कोण आणि नवे कोण?"

"आता कळत नाही, महाराणी."

"मलाही नाही. यापुढे विचारायचेही नाही."

वज्रमुखाने फर्मानाची घडी करून ते खिशात घातले. त्या दिवशी त्याला भूक लागली, आणि त्याने पोटभर खाल्ले.

बुरुजात मात्र बोलणे सुरू होईना. एवढ्या दिवसांचे सांगायचे होते, ते कुठून धरावे हेच दोघांना समजेना. तरंगसेनाने तोंड उघडले, पण लढाईचे त्याला काही आठवेना. दोराने त्याचे तळवे सोलले होते, रक्त मनगटावर आले होते.

"हात दाखवा," केतकी म्हणाली.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"म्हणालीस ते."

"हात दाखवा," ती म्हणाली. त्याने दोन्ही हात पुढे केले. डोळ्यांतले पाणी पुसायला त्याच्याकडे हात उरला नव्हता, म्हणून तेही तिनेच पुसले.

त्या दोघांना जसे एकमेकांचे ऐकू आले, तसे ज्याच्या त्याच्या घरात ऐकू येवो, आणि मध्ये पोपटाची गरज न पडो.