मांडवाबाहेरचा मामा

साजढाण्याच्या वेशीपाशी, साजाच्या झाडाखाली तो सपाट काळा दगड दिसतो ना पाहुणे, त्यावर बसू नका. देव नाही तो, शेंदूरही लावलेला नाही. पण आमच्या गावात लग्न लागायचं असलं की नवरीचा मामा आधी त्या दगडावर उभा राहतो, अनवाणी. इतर गावांत मामाचा केवढा मान! त्याने हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. आणि आम्ही त्याला मांडवाबाहेर उभं करतो. याला कारण झुनाय नावाची एक कोरकू बाई, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. गडावर एक राजा होता. त्याचं नाव इथे कुणी घेत नाही, मीही घेणार नाही. त्याच्या मनात आलं, राज्यात सगळ्यांनी दरबारचीच बोली बोलावी, दरबारच्याच देवाला हात जोडावेत. मोठी माणसं काही बदलायची नाहीत, तेव्हा डोंगरातली पोरं उचला, सात वर्षं गडावर ठेवा, नावं बदला, घरची बोली तोंडात आली की उपाशी निजवा. हुकूमच सुटला. स्वार आले की आया पोरांना घेऊन रानात पळायच्या. दोन वर्षं स्वार हात हलवत परत गेले म्हणे.

झुनायचा पाठचा भाऊ सानू. गडावर लाकूड विकून विकून त्याला दरबारची बोली येऊ लागली होती. राजाने त्याला पाटीलकी देऊ केली आणि याची मती फिरली. मोहफुलांच्या दिवसांत तो बहिणीकडे आला. म्हणाला, "बाई, मुंगायला चार दिवस माझ्याकडे नेतो. फुलं वेचू लागेल." मामाच्या घरी जायला कोणती आई नको म्हणेल? झुनायने लेकीला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं, मोहाचे लाडू बांधून दिले. मामा सोबत आहे म्हटल्यावर शेजारणींनीही आपापली पोरं धाडली. अकरा पोरं होती. खिंडीत सानूच्या गावाची वाट उजवीकडे फुटते. तो डावीकडे, गडाकडे वळला.

झुनाय भावाच्या दारात जाऊन थडकली, तर हा शांतपणे म्हणतो, "रडतेस काय? पोरं शिकतील, माणसांत येतील."

"मग आजवर आम्ही कोण होतो रे? जनावरं?"

सात वर्षं ती बाई गडाच्या दारावर खेटे घालत राहिली. ती "मुंगाय, मुंगाय" म्हणायची आणि पहारेकरी नकाराची मान हलवायचा. त्या नावाची पोर आत उरलीच नव्हती. तिचं नाव गोदावरी ठेवलं होतं.

सात वर्षांनी पोर परत आली. झुनायने तिला छातीशी धरलं, किती किती बोलली! पोर नुसती बघत राहिली. तिला एक अक्षर कळत नव्हतं. पोटची लेक समोर उभी, आणि तिच्याशी बोलायची सोय नाही. दोन्ही बोल्या येणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, सानू.

काय वाटलं असेल त्या माउलीला! पण गेली. त्याच दारात पुन्हा गेली, त्याला घेऊन आली, दोघींच्या मधे बसवलं. म्हणाली, "तिला सांग, मी तुला पाठवलं नाही. मामाने फसवून नेलं. जसंच्या तसं सांग." सानू खाली मान घालून काहीतरी बोलला. पोर उठली आणि अंगणात जाऊन बसली. आईकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

पुढे दोन वर्षं मायलेकींनी एका चुलीवर रांधलं, फुलं वेचली, कोदो-कुटकी कांडली. हळूहळू पोरीच्या तोंडी घरची बोली बसली. आणि बोलता येऊ लागल्यावर तिने काय विचारावं? "माय, मी तुला इतकी नकोशी झाले होते का गं?"

तेव्हा कुठे झुनायला उलगडा झाला. सानूने पोरीला सांगितलं होतं, तुझी आई म्हणते, मीच तुला राजीखुशीने गडावर धाडलं. पोर तर त्याने नेलीच होती, पोरीच्या मनातली आईसुद्धा नेली मेल्याने.

मुंगायचं लग्न ठरलं. सानू लुगडं घेऊन आला. झुनाय काही बोलायच्या आत नवरीच मांडवातून उठून बाहेर आली आणि या दगडापाशी तिने त्याला अडवलं. म्हणाली, "मामा, आईने पाठवलं नाही, मी नेलं, एवढं आपल्या बोलीत म्हण. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मग आत ये." दिवस मावळेपर्यंत सानू उभा होता म्हणतात. तोंडातून शब्द फुटला नाही. शेवटी लुगडं दगडावर ठेवून निघून गेला. लग्न मामाशिवाय लागलं.

आजही आमच्याकडे प्रत्येक मामा, ज्याने कुणाचं काही वाईट केलेलं नाही तोसुद्धा, या दगडावर उभा राहून म्हणतो, "आईने पाठवलं नाही, मी नेलं." मगच नवरी त्याला आत घेते. हल्ली मामा लांबून येतात, शहरात वाढलेले, शिकलेले. आदल्या दिवशी म्हातारी माणसं त्यांच्याकडून ते घोकून घेतात. परवाच्या लग्नातला मामा बिचारा घामाघूम झाला, पण म्हणाला एकदाचं. आपल्या बोलीतलं त्याला तेवढं एकच वाक्य येतं.