आरसा आणि पाणचष्म्याचे वळ

दूरच्या सोल नगरीत चेहऱ्याच्या लेपांच्या एका दुकानात एक ज्ञानी आरसा राहत असे. चेहरा पाहून तो ज्याचा त्याचा लेप सांगे आणि शेजारचा खल तो घोटून देई.

एकदा समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी माल्सुन आजी त्याच्यासमोर येऊन बसली.

"डोळ्यांभोवती पाणचष्म्याचे केवढे वळ! आधी तेच घालवू," आरसा म्हणाला.

आजी ताडकन उठली.

"शहाण्या, त्यांना काय हवंय ते विचारलंस का?" खल गुरगुरला.

आरसा वरमला. "बसा आजी. काय होतंय?"

"खारट पाण्यानं गाल चरचरतात रे, बुडी मारवत नाही. वळ मात्र राहू दे. ती माझ्या समुद्रदेवाची मुद्रा आहे."

आरशाने फक्त गालांसाठी लेप सांगितला आणि खल आनंदाने घुमू लागला.

तेव्हापासून आरसा लेप सांगण्याआधी प्रत्येकाला नम्रपणे विचारतो, "या चेहऱ्यावरचं काय जपायचं?"