रावसाहेबाचा निळा सोफा

"...पण मग तडा जातोच का, आण्णा?"

रावसाहेबानं पुन्हा तेच विचारलं. बाळगोंडा आण्णा अजून चपलाच काढत होते.

जयसिंगपुरात खुर्च्या-सोफ्यांची कामं करून हात पिकलेला म्हातारा. अर्धी गल्ली त्यांच्याकडे शिकली. रावसाहेबही शिकला. आपलं शिकून झालं, हे मात्र त्याचं त्यानंच ठरवलं आणि तो दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. पाट्या तो झकास रंगवायचा, खोटं कशाला बोला!

परवा मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. याआधीचं एक स्थळ घर बघून गेलं ते गेलंच, निरोपसुद्धा नाही. आणि ही मुलगी तर रावसाहेबाच्या मनात भरलेली. बाहेरच्या खोलीत बसवायला एकच सोफा, त्याचं कापड पार विटलेलं. नवं चढवायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं कापडावरच निळा रंग चढवला.

काल मामा आले. कुणी नको म्हणायच्या आत ऐसपैस टेकले. उठले तर बैठकीवर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा!

रावसाहेबानं भेगांवर आणखी जाड रंग थापला. आज नुसता हात दाबून बघितला, तर तो थरही तडकला.

"रंगच हलका मिळाला," तो म्हणाला.

आण्णा सोफ्यापाशी उकिडवे बसले.

"नाहीतर माझ्या पाट्या बघा की! ऊन खात्यात, पाऊस खात्यात. एक चीर नाही."

"पाटीवर बसतंय कोण?"

उघड्या दारातून, अंगणाच्या कुंपणापलीकडून खुदकन हसू आलं. शेजारच्या मालूताई तिथं मघापासून एकच टॉवेल वाळत घालत होत्या.

"मालूताई, तुमचं दूध उतू जाईल बघा."

"अजून तापवलंच नाही रे. चालू दे तुमचं."

आण्णांनी भेगेत नख घातलं. रंगाचा अख्खा पापुद्रा पापडासारखा हातात आला. तो त्यांनी रावसाहेबाच्या तळहातावर ठेवला.

"हे कापड हाय लेका. तू त्याची भिंत केलीस."

रावसाहेबाचे कान लाल झाले.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. कप देऊन ती गुपचूप चटईवर टेकली.

"वहिनी, खाली का बसलाय?"

"नको, रंग खराब हुतोय म्हणं. मामा बसल्यापासनं कुणालाच बसू देत नाही. रात्री मांजर चढलं, तर त्याच्याबी मागं लागला."

"आई!"

आण्णांनी बशीतला चहा संपवला. सोफा अंगणातल्या उन्हात ओढून घेतला आणि पॉलिश पेपरचा तुकडा रावसाहेबाच्या हातात दिला.

"काढ."

सगळी खपली निघेपर्यंत दुपार झाली. आण्णांनी उरलेल्या रंगात पाणी घातलं. मग आणखी घातलं. रावसाहेब कळवळला.

"आण्णा, ही ताकाची निवळी झाली!"

"बरं झालं."

त्यांनी ओल्या फडक्यानं कापड भिजवलं आणि रंगाचा पातळ हात दिला. कापड दिसत होतं तसंच दिसत राहिलं, थोडंसं निळं. आण्णा चटई आणून सोफ्याच्याच सावलीत आडवे झाले, घोरलेसुद्धा. रावसाहेब मात्र सोफ्याभोवती घिरट्या घालत राहिला.

चैत्राचं ऊन. रंग वाळला. त्यानं झटक्यात कुंचला उचलला... आण्णांनी पडल्यापडल्याच त्याचं मनगट धरलं.

"आधी बसव."

"कुणाला?"

"आईला."

"आत्ता? अजून दुसरा हात द्यायचाय! पाहुणे परवा यायच्यात आण्णा, आणि तुम्ही..."

"वहिनी, या."

आईनं पोराकडं बघितलं. पोरानं कुंचला खाली ठेवला. ती कडेला, चोरासारखी टेकली.

"मागं सरकून बसा. नीट."

ती सरकली. पाठ टेकली. आणि दिवसभर उभं राहिलेल्या बाईच्या तोंडून निघतो, तसा लांबलचक सुस्कारा निघाला.

मालूताईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आल्या, आईच्या शेजारी बसल्या, आणि स्प्रिंग चांगली आहे का म्हणून दोनदा उडी मारून बघितली.

सोफा करकरला. रावसाहेबानं डोळे गच्च मिटले.

"आण्णा... तडा गेला तर?"

आण्णांनी पायानं चटई बाजूला सारली आणि स्वतःही त्या दोघींच्या मध्ये घुसून बसले.

"गेला तर आज जाऊ दे की. आज आपली माणसं बसल्यात."