उंदीरमामाचा आहेर

माणसं आणि उंदीर एकमेकांशी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. खोटी वाटली तर मांजराला विचारा.

शेवंतीचा दुधाचा दात पडला. तिने तो कौलांवर फेकला आणि रीतीप्रमाणे ओरडली, "उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे!"

कौलांखालच्या उंदराला घाम फुटला. "मामा म्हणाली गं! भाचीला नाही कसं म्हणू?"

"द्या की," उंदरीण म्हणाली. "मग तुमचं खोबरं मी चावून देत जाईन."

उंदराने स्वतःचा दात ओढून पाहिला. कळ थेट शेपटीत गेली, तसा तो तोंड लपवून बसला.

काही दिवसांनी शेवंतीच्या हिरडीतून नवा दात आपणहून वर आला. ती अंगणातून ओरडली, "मामा, दात पोचला हो!"

उंदीर छाती काढून वळचणीला आला. "आवडला ना? अगं, मामाकडे दातांना काय तोटा! कुणीही मागावा!"

हे ऐकून शेवंतीचे आजोबा लगबगीने बाहेर आले. त्यांनी आपला शेवटचा हलता दात काढून कौलांवर भिरकावला. "मामा, मला सगळेच द्या," म्हणाले आणि आ वासून उभे राहिले.

उंदरिणीने नवऱ्याला हळूच पुढे ढकललं. "जा, भाचेबुवा खोळंबलेत."